सर्व्हरला हात लावा, ‘काही व्हत नही’ म्हणा

डेटाबेस सर्व्हरची कॉन्फिग, म्हणजे त्याची सेटिंग्ज, बदलायची आहे? मग शनिवारची संध्याकाळ उजाडू द्या. जळगावात थंडी पडलेली असेल तर सोन्याहून पिवळं. अख्खं ऑफिस कुणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टीला गेलेलं असतं, ‘काय करतोस रे?’ विचारायला मागे कोणी नसतं. खुर्ची ओढा, थेट चालू सर्व्हरवर लॉगिन करा आणि आपला सिद्धमंत्र म्हणा: ‘काही व्हत नही, भो!’

चाचणीसाठी वेगळा सर्व्हर हवा, असं पुण्याहून येणारी मंडळी सांगतात. त्यांना म्हणावं, आहे की आमच्याकडे. गिऱ्हाइकांची बिलंही त्याच्यावरच निघतात.

सुरुवात पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मॅक्स कनेक्शन्सपासून करा, म्हणजे एका वेळी किती जोडण्या घ्यायच्या त्या आकड्यापासून. मूळ आकडा 100. ‘टू मेनी क्लायंट्स’ची बोंब आली की 1000 करून मोकळे व्हा, कोणता प्रोग्राम कनेक्शन उघडून बंद करायला विसरतोय ते शोधणं किंवा मध्ये थोडकीच कनेक्शन्स सगळ्यांना वाटून देणारा पूलर बसवणं ही भित्र्यांची कामं. हात लागलेलाच आहे तर वर्क मेम, म्हणजे कामापुरती मिळणारी मेमरी, तीही 4 एमबीवरून 256 करा. ही मेमरी अख्ख्या सर्व्हरला मिळून नसते, एका कनेक्शनलाही नसते. क्वेरीतल्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातल्या, प्रत्येक सॉर्टला (क्रम लावायला), प्रत्येक हॅशला (जुळवाजुळव करायला) वेगळी लागू शकते. म्हणजे पंगतीतल्या प्रत्येकानं पुरीसोबत भरताचं एक घमेलं मागायचं आणि कळण्याच्या भाकरीसोबत दुसरं. 100 जणांनी एकेकदाच मागितलं तरी 25 जीबी, आणि तुमच्या मशिनात आहेत 16. मग मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा लिनक्सचा ओओएम किलर उठतो आणि पंगतीतला सगळ्यात जाडजूड माणूस बखोटीला धरून बाहेर काढतो. तो बहुधा डेटाबेसच असतो.

एका वेळी एकच सेटिंग बदलू नका. सात बदला. वेग वाढला तर तुमच्या हाताचा गुण, घटला तर नेटवर्क. त्यात एफसिंक, म्हणजे नोंद डिस्कवर पक्की उतरेपर्यंत थांबणं, बंद करायचं राहू नये. नोंदी कशा भुर्रकन जातात बघा! वीज गेल्यावर त्या डिस्कवर सापडतील का, हे ग्रामदैवतावर सोपवा.

बदल नेमका कुठे केला, हेही कुणाला कळता कामा नये. एक आकडा पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ या सेटिंग्जच्या फाईलमध्ये हातानं लिहा, आठवड्यानं अल्टर सिस्टिम या कमांडनं दुसराच द्या. तो वेगळ्या ऑटो डॉट कॉन्फ फाईलमध्ये जातो, मागाहून वाचला जातो, म्हणून तोच चालतो. तुमच्यानंतर येणारा पोरगा पहिल्या फाईलमध्ये आकडे बदलून बदलून वेडा होतो. घरात वडलांचा शब्द चालतो असं पाहुण्यांना वाटत असतं. आजी ओट्यावर बसून सुपारी कातरत असते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांना एवढे कष्टही नाहीत. सेट ग्लोबल कमांडनं केलेला बदल रीस्टार्टला आपोआप पुसला जातो, पुरावाच उरत नाही. बदल टिकवणारा सेट पर्सिस्ट आवृत्ती 8.0 पासून आला आहे, पण तो वापरा अशी सक्ती कुठे आहे?

तरी हे सगळं झालं नवशिक्यांचं. सर्व्हर तिथल्या तिथे कोणीही पाडेल. उस्ताद पोळ्याला पेरतो आणि पीक मे महिन्यात घेतो. मी एका डाळमिलीत ते करून दाखवलं आहे. 16 जीबीच्या मशिनवर शेअर्ड बफर्स, म्हणजे पोस्टग्रेसची सामाईक मेमरी, साधारण पावपट, म्हणजे 4 जीबी करायचे होते. बोटानं एक शून्य जास्त दिलं: 40. रिलोड मारलं, म्हणजे सर्व्हर न थांबवता सेटिंग्ज पुन्हा वाचायला लावली. काहीच झालं नाही, कारण हे सेटिंग रीस्टार्टशिवाय लागूच होत नाही. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, तशी ओळ आली होती, पीजी सेटिंग्ज या तक्त्यात पेंडिंग रीस्टार्टचा रकानाही ‘ट्रू’ झाला होता. पण लॉग वाचायचा तर माणूस रिकामा हवा. ‘झालं का?’ मालकांनी विचारलं. ‘झालं,’ म्हटलं.

आठ-नऊ महिने मिल झकास चालली. दरम्यान मला पुण्याला नोकरी लागली. मे महिन्यात पारा 45 वर, वीज गेली, यूपीएसची बॅटरी आधीच फुगलेली. वीज आली, मशीन उठलं, पोस्टग्रेस उठेना. ‘कॅनॉट ॲलोकेट मेमरी’, एवढंच म्हणे.

मालकांचा फोन आला. ‘भाऊ, तुम्ही जायच्या आधी काही केलं व्हतं का?’

‘मी? काहीच नही.’

‘मग ती जुनी फाईल तरी ठेवेल आहे का?’

आता आलो ना मी रुबाबात! ‘आहे म्हणजे काय, सहा आहेत. जुनी, नवीन, नवीन दोन, फायनल, फायनल खरी, आणि एक नुसती ‘राहू द्या’.’

‘त्यातली चालणारी कोणती?’

मागे काट्यावर खोळंबलेल्या तुरीच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मी म्हटलं, ‘आवाज तुटतोय, शेठ.’