पाद्रींच्या हॉलमध्ये पाहिलेला तुकाराम : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गोव्यातल्या आमच्या इगर्जीच्या (चर्चच्या) हॉलमध्ये भरणाऱ्या सिनेक्लबात मी वर्षभर महिन्याला एक सिनेमा पाहिला, त्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तिचा गाभा इथे देतो : "ज्यांनी आपली देवळं पाडली त्यांच्या हॉलमध्ये बारा महिने प्रवचनं ऐकलीत आणि वर मराठी वाचकाला त्याचं कौतुक सांगता. इफ्फी (गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) दाराशी असताना ही हौस कशाला? आणि तिथे सुरुवातीला प्रार्थना होते, तेव्हा तुम्ही काय करता?"

देवळांचं मी नाकारत नाही. आमची कुलदेवी शांतादुर्गा मूळची केळशीची. फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, जाचामुळे तिला कवळ्याला न्यावं लागलं, हे घरात ऐकतच मोठा झालो. पण त्याच अमलात, दक्षिण गोव्यातल्या त्याच साष्टीत, १६१६ साली रायतूरला फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीचं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं काव्य, छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, त्याही मराठीत. (कोकणीवाले इथे भुवया उंचावतील, तो वाद पुन्हा कधीतरी.) यातली एकच गोष्ट लक्षात ठेवून दुसरी विसरणं मला जमत नाही.

आता प्रवचनाचं. जुलैमध्ये आम्ही जोन ऑफ आर्कवरचा (देवाचे आवाज ऐकू येतात म्हणणारी, पाखंडी ठरवून जाळलेली फ्रेंच मुलगी) १९२८ सालचा मूकपट पाहिला, कार्ल ड्रेयरचा. त्यात खलनायक कोण आहेत ठाऊक आहे? पाद्री. झगे घातलेले, जाडजूड गालांचे, एका अडाणी पोरीला प्रश्नांत गुंतवून चितेपर्यंत नेणारे. हा सिनेमा निवडला होता आमच्या इगर्जीच्या फादरनीच, आणि ते पहिल्या रांगेत बसले होते. बाहेर मुसळधार पाऊस. मंगळुरी कौलांवर असा आवाज की मूकपटाला वेगळ्या संगीताची गरजच राहिली नाही. जोनचे केस कापतात तिथे लाइट गेली. दुसरीकडे कुठे असतो तर शिव्या देत घरी गेलो असतो. पण इगर्जीत मेणबत्त्यांना काय तोटा! त्या उजेडात तासभर भांडण झालं. जोनला खरंच आवाज ऐकू येत होते की पोर आजारी होती? एक निवृत्त परिचारिका म्हणाल्या, आजारी असेल, म्हणून काय जाळायची? त्यावर फादर काहीच बोलले नाहीत. लाइट साडेनऊला आली आणि एकही माणूस न हलता आम्ही उरलेला भाग पाहिला. या सिनेमाची मूळ निगेटिव्ह आगीत गेली होती, आणि पूर्ण प्रत १९८१ साली ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयात सापडली, हे त्या रात्री कळल्यावर त्या परिचारिका बाई पुन्हा एकदा माझ्याकडे वळून हसल्या.

सिनेमे ठरतात कसे, असंही तुम्ही खोचकपणे विचारलंय. निम्मे व्हॅटिकनच्या यादीतून. सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९९५ साली, त्यांनी ४५ चित्रपटांची यादी काढली. जोन तिच्यात आहे. येशूवरचा पासोलिनीचा १९६४चा चित्रपटही आहे, आणि पासोलिनी मार्क्सवादी, देव न मानणारा माणूस. करेझमाच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या) दिवसांत तो लावला होता. बाकी निम्मे सभासद सुचवतात.

मराठी सिनेमा कुठे आहे, हा तुमचा वार मात्र बसला. ऑक्टोबरपर्यंत आम्ही एकही मराठी सिनेमा पाहिला नाही. पण दोष क्लबचा नव्हता, मी सुचवलाच नव्हता. मग 'संत तुकाराम' सुचवला, प्रभातचा, १९३६चा. मनात धाकधूक होती. विष्णुपंत पागनीस भजनात रंगलेले, आणि समोर वीस-बावीस माणसं, त्यांत आम्ही तिघेच हिंदू. कंटाळतील असं वाटलं होतं. पण तुकारामापेक्षा जिजाईनेच हॉल ताब्यात घेतला. घरात दाणा नाही, नवरा टाळ कुटतोय, आणि ही बाई विठोबालाच फैलावर घेते. बायका मोठमोठ्याने हसत होत्या. "आमगेर अशेंच" (आमच्या घरी असंच), मागून एक बाई म्हणाल्या. त्यांच्या घरचे चर्चच्या कॉयरमध्ये (गायकवृंदात) गातात. शेवटी नवरा वैकुंठाला आणि बायको चुलीपाशी, यावर जी चर्चा रंगली तशी मी मराठीच्या वर्गात तीस वर्षांत घडवू शकलो नाही.

त्याच दिवशी माझी फजितीही झाली. फादरनी 'आधी बीज एकले'चा अर्थ विचारला. मी मोठ्या ऐटीत तुकोबांचा अभंग म्हणून समजावून दिला. घरी येऊन पाहतो तर तो शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलेला! पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर चूक कबूल करावी लागली.

इफ्फीबद्दल माझी तक्रार नाही. २००४पासून ती गोव्यात भरते आणि मी जवळजवळ दरवर्षी पणजीला जातो. पण तिथे दिवसाला चार सिनेमे, रांगेत उभं राहायचं, एक संपला की दुसऱ्यासाठी धावायचं. तिसऱ्या दिवशी कुठला प्रसंग कुठल्या सिनेमातला तेही आठवत नाही. इथे महिन्याला एकच. तो चार आठवडे डोक्यात राहतो, मासळी बाजारात भेटलेला माणूसही त्याच्यावरच बोलतो.

सगळं गोड होतं असंही नाही. एकदा मुलं बसली होती म्हणून एक प्रसंग पुढे सरकवला. मी उठून हरकत घेतली, ती मान्य झाली नाही. त्या रात्री सिनेमानंतरचा भाजी-पाव न खाता घरी आलो. त्याबद्दल मूळ लेखात लिहायला हवं होतं, ते राहिलं.

आणि प्रार्थनेचं. उभा राहतो. मोबाइल बंद केलाय ना, ते पाहतो. अर्धा मिनिट लागतं.