झेरॉक्सवरच्या रेघोट्या

परवा गच्चीवर आमच्या टोळक्याने जुना जपानी राक्षसपट लावला आणि मूळ सिनेमाऐवजी अमेरिकनांनी कापून-जोडून केलेली आवृत्ती निघाली, ते पुन्हा उगाळत नाही. बंड्याने "एकदम ओरिजिनल" म्हणून लावलेल्या 'किंग काँग विरुद्ध गॉडझिला'मध्ये सुरुवातीलाच संयुक्त राष्ट्रांच्या नावाने एक गोरा बातमीदार टेबलामागे येऊन बसला आणि वर्षा उठून चपला घालायला लागली. काल कट्ट्यावर त्याचा हिशेब झाला.

बंड्याची सवय म्हणजे आरोप व्हायच्या आधीच बचाव. कटिंग हातात येण्याआधीच तो म्हणाला, "हॉलिवूडच्या युनिव्हर्सलचा आहे तो. १९६३ चा. याहून जुनं काय हवंय तुम्हाला?"

"१९६२," वर्षा म्हणाली. "११ ऑगस्ट. तोहो या जपानी कंपनीच्या तिसाव्या वर्षाचा सिनेमा. तू दाखवलास तो पुढच्या जूनमध्ये अमेरिकेत लागलेला. मूळ ९७ मिनिटांचा, तो ९१ झाला."

"सहा मिनिटांसाठी एवढा तमाशा?"

"सहा नाही. ती बातम्यांची मंडळी घुसडली ना, त्यांनी जेवढी जागा खाल्ली तेवढं दिग्दर्शक होंडाच्या सिनेमातून आणखी गेलं. वजाबाकी करताना घुसलेले पाहुणे धरायचे असतात."

वर्षा पोटापाण्यासाठी जुनी रिळं स्कॅन करते. तिच्याशी फिल्मवरून वाद घालणं म्हणजे गवंड्याला विटा शिकवणं. बंड्याला हे दहा वर्षांत कळलेलं नाही.

नानांनी मध्येच विचारलं, "तो पुस्तक घेऊन बसलेला कोण होता रे?"

"डॉक्टर जॉन्सन, नाना," वर्षा म्हणाली. "हातात लहान मुलांचं डायनासोरचं पुस्तक, आणि त्यातली चित्रं दाखवत जगाला जीवशास्त्र शिकवतो. गॉडझिलाचा मेंदू गोटीएवढा, काँगचा मोठा, म्हणून काँग हुशार."

सम्याने काही न बोलता बंड्याकडे पाहिलं. बंड्या म्हणाला, "बघू नकोस."

सम्याचं मत ठरलेलं असतं, आणि कायम अमेरिकेविरुद्ध असतं. तो सुरू झाला. संगीत बघा म्हणे. आकिरा इफुकुबेने रचलेलं जवळजवळ सगळं काढून टाकलं आणि युनिव्हर्सलच्या गोदामातलं जुनं संगीत चिकटवलं. 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'च्या पाण्यातल्या राक्षसाचं संगीत इथे डोंगरावर. काँगच्या फारो बेटावरचं सामूहिक गाणं तेवढं वाचलं, कारण पडद्यावर माणसं तोंड हलवत होती. भूकंप जपान्यांनी केला तो पुरेना, म्हणून तोहोच्याच १९५७ च्या 'मिस्टेरियन्स'मधला भूकंप उचलून आणला. उपग्रहसुद्धा त्यातलाच.

"आणि हे जोडकाम केलं कुणी?" वर्षाने विचारलं.

"कुणीतरी भुक्कड असेल."

"पीटर झिनर. पुढे 'डिअर हंटर'च्या संकलनासाठी ऑस्कर मिळालेला माणूस."

सम्या गप्प. आपल्याच बाजूच्या माणसाचे पाय असे ओढायची तिची जुनी खोड आहे, आणि मला ती आवडते हे इथे लपवण्यात अर्थ नाही.

मग बंड्याने हुकमाचा एक्का काढला. त्याचा खास आवाज लागला, तो २०२१ मध्ये नवा 'गॉडझिला व्हर्सेस काँग' हिंदीत बघून आल्यावर लागला होता तोच. "तुम्हाला एक माहीत नसेल. जपानी आवृत्तीत गॉडझिला जिंकतो आणि अमेरिकन आवृत्तीत काँग. दोन शेवट शूट केले होते. हे जगजाहीर आहे."

नाना म्हणाले, "हे मी पण ऐकलंय बुवा."

"सगळ्यांनीच ऐकलंय," वर्षा म्हणाली. "अमेरिकेतल्या राक्षस-सिनेमांच्या मासिकांनी छापलं, पोरांनी पाठ केलं, पुढे ट्रिव्हियल परसूट या प्रश्नोत्तरांच्या खेळातल्या कार्डावरसुद्धा हेच उत्तर छापून आलं. आणि साफ खोटं आहे. शेवट एकच. आतामीचा किल्ला फोडतात, दोघं समुद्रात पडतात, लाटा उसळतात आणि काँग एकटा वर येऊन घरच्या दिशेने पोहत सुटतो. दोन्हीकडे हेच."

"मग फरक काहीच नाही?"

"आहे. आवाजात. जपानी आवृत्तीत शेवटी पडद्यावर 'समाप्त'चं अक्षर येतं तेव्हा दोघांच्याही डरकाळ्या ऐकू येतात. गॉडझिला मेलेला नाही, एवढी खूण. अमेरिकन आवृत्तीत गॉडझिलाचा आवाज पुसलाय, फक्त काँगचा ठेवलाय. एका डरकाळीवरून लोकांनी अख्खा दुसरा शेवट रचला."

बंड्या म्हणाला, "पण तर्काने बघ. जपानमध्ये जपानी राक्षस जिंकणारच ना?"

"तर्काने बघायचं तर काँगचं भाडं भरून त्याला हरवतील का? आरकेओ या अमेरिकन कंपनीकडून नाव घेतलंय. शिवाय त्सुबुराया, ज्याने दोघांची मारामारी उभी केली, तो १९३३ चा किंग काँग बघूनच या धंद्याकडे वळला. तो त्याला समुद्रात बुडवेल होय?"

इथे नानांनी नावाचा घोळ विचारला, गोजिरा की गॉडझिला. गोजिरा म्हणजे गोरिला अधिक कुजिरा, कुजिरा म्हणजे देवमासा, हे वर्षाने सांगितल्यावर नाना थोडा वेळ गणित करत बसले आणि म्हणाले, "म्हणजे एका पूर्ण गोरिलाची दीड शहाण्या अर्ध्या गोरिलाशी कुस्ती." चहावाल्यालाही हसू आलं. बंड्या तेवढा हसला नाही, कारण नानांनी त्याच सुरात त्याच्या हार्ड डिस्कची आठवण काढली. गेल्या दिवाळीत नेलेली. ती डिस्क कोणत्या आवृत्तीत परत येणार ते कुणालाच माहीत नाही.

मला वाटलं वाद संपला. सम्याने समारोपाचं भाषण सुरूही केलं होतं, की अमेरिकनांनी एका सुंदर सिनेमाची कशी वाट लावली, विनोद कसा मारला. आणि विनोद खरंच मेलाय, यात शंका नाही. हा सिनेमा मुळात टीव्हीवाल्यांची आणि जाहिरातदारांची टर उडवणारा. औषध कंपनीचा प्रसिद्धीप्रमुख आपल्या प्रायोजित कार्यक्रमाचे प्रेक्षक वाढावेत म्हणून बेटावरून राक्षस आणवतो! इचिरो आरिशिमाने केलेल्या त्या माणसाचं नाव ताको. ताको म्हणजे ऑक्टोपसही, आणि बेटावर काँग लढतो तोही ऑक्टोपसशीच. डबिंगमध्ये ही कोटी कुठून राहणार?

तो ऑक्टोपस बराचसा खरा होता, हे सम्याने मध्ये घातलं. छोट्या झोपड्यांच्या देखाव्यावर जिवंत ऑक्टोपस सोडले, ते हलेनात, तेव्हा गरम हवा मारून सरकवले. रबरी होते त्यांच्यावर प्लास्टिक चढवलं, चिकट दिसावेत म्हणून. एक ऑक्टोपस चित्रीकरणानंतर त्सुबुरायाच्या जेवणात गेला असं सांगतात. "पौष्टिक निर्मितीव्यवस्था," नाना म्हणाले.

पण वर्षाने कप खाली ठेवला. "सम्या, अमेरिकेला शिव्या घालणं सोपं आहे. खरी कात्री तिथे नाही चालली."

"म्हणजे?"

"अमेरिकेला पाठवतात ती प्रत. मूळ कॅमेऱ्यातून निघालेल्या निगेटिव्हवरून एक पॉझिटिव्ह काढायची, तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह, आणि ही दुसरी बोटीत चढवायची. युनिव्हर्सलने काय कापलं, काय जोडलं, ते सगळं त्या प्रतीवर. त्यांनी झेरॉक्सवर रेघोट्या मारल्या. मूळ दस्ताला कात्री लावली ती घरच्यांनी. १९७० मध्ये."

बंड्या सरसावून बसला. अमेरिका सुटतेय एवढंच त्याला दिसलं.

"तोहो चॅम्पियन मात्सुरी," वर्षा म्हणाली. "१९६९ च्या डिसेंबरात सुरू झालेली टूम. शाळांना सुट्टी लागली की पोरांसाठी एक जत्रा लावायची, त्यात एक राक्षसपट आणि बरोबर कार्टून, टीव्हीच्या मालिकांचे भाग. सगळं एका तिकिटात बसवायचं तर जुना सिनेमा आखूड हवा. १९७० च्या वसंतात 'किंग काँग विरुद्ध गॉडझिला' ७४ मिनिटांचा केला. कापला कुणी? होंडानेच. आणि कापलं काय? मूळ निगेटिव्ह."

"स्वतःचाच सिनेमा?" नाना.

"स्वतःचाच. कंपनीने सांगितलं, त्याने केलं. २३ मिनिटं. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे २,०७० फूट. हजार फुटांच्या दोन डब्यांत भरून ७० फूट वर. डब्यावर चिठ्ठी लावून फळीवर ठेवले असते तर आज हा विषयच नव्हता. नाही ठेवले."

"मग पुन्हा जोडायचं तरी कसं?"

इथे ती थोडी पुढे सरकली, आणि मला तिचं बोलणं जसंच्या तसं लिहायचं आहे, कारण बंड्याने त्यात तीनदा तोंड घातलं ते वगळलंय.

"निगेटिव्हचा जोड सेलोटेपने होत नाही. एका तुकड्याच्या टोकावरचं इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, खरवडायचं, फिल्म सिमेंट नावाचा चिकट द्रव लावायचा, दुसरा तुकडा त्यावर चढवून दाबायचा. त्या चढवाचढवीत फ्रेम जाते. एकदा कापून जोडलेली जागा पुन्हा उघडली की आणखी एक जाते. त्यात हा रुंद पडद्याचा सिनेमा, तोहोस्कोप. त्यात फ्रेम पट्टीची जवळजवळ पूर्ण उंची खाते, दोन फ्रेममध्ये मोकळी जागा केसाएवढी. जोड लपत नाही. कटाच्या क्षणी वर किंवा खाली एक रेघ चमकून जाते."

"आणि गेलेले तुकडे?"

"बाहेरून आणायचे. कुठे चित्रगृहात फिरून झिजलेली प्रिंट, कुठे १६ मिलिमीटरची. १६ ची फ्रेम ३५ च्या पाव भागाहून लहान, तेवढीच वाढवून दाखवायची, म्हणजे दाणा ज्वारीएवढा. त्यात त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंटचा निळसर थर आधी उडतो, उरतं ते गुलाबी. म्हणून जुन्या व्हिडिओ आवृत्त्या बघताना कळतं की १९७० ला कात्री कुठे लागली. दोघं ऑफिसात बसून बोलतायत, सगळं स्वच्छ, आणि एकदम भिंत गुलाबी होते, चेहरे मऊ पडतात, आवाजाला खरखर येते. अर्ध्या मिनिटाने पुन्हा स्वच्छ. तेवढं अर्धं मिनिट कापलेलं."

सम्या म्हणाला, "पण ऑफिसातलंच का? मारामारी का नाही गुलाबी होत?"

"कारण पोरांना मारामारी हवी होती. ती शाबूत राहिली. काँग झाड उपटून गॉडझिलाच्या घशात कोंबतो, ते बघ. हारुओ नाकाजिमा रबराच्या पोशाखात गुदमरतोय, शोइची हिरोसे त्या केसाळ काँगमध्ये, आणि फुजीच्या पायथ्याचा अख्खा देखावा हलतोय. त्यावर एक ओरखडा नाही. गेलं काय, तर ताको, त्याचे साहेब, टीव्हीवाले. अमेरिकनांनी नेमकं हेच आखूड केलं होतं. पॅसिफिकच्या दोन टोकांना दोघांनी सात वर्षांच्या अंतराने तोच विनोद मारला. फक्त एकाने प्रतीवर आणि एकाने मुळावर."

नानांनी राजा हरिश्चंद्र काढला. आज जी रिळं उरली आहेत ती १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केली तेव्हाची, यावर जाणकारांचं अजून भांडण आहे. सम्याने लगेच १९६६ चा हिंदी 'गोगोला' आणला, आपल्या मुंबईचा राक्षसपट, ज्याचा सिनेमा सापडत नाही आणि गाणी मात्र उरलीत. दोघं तिकडेच भरकटले असते, पण बंड्याला अजून जिंकायचं होतं.

"तेच म्हणतोय मी! म्हणजे दोष तोहोचा. म्हणजे माझी अमेरिकन आवृत्ती चोख."

"चोख झेरॉक्स," वर्षा म्हणाली. "आणि त्यातही तुझी कमाल. तुझ्या कपाटात २०१९ चा क्रायटेरियन कंपनीचा गॉडझिलाच्या सिनेमांचा संच आहे ना? हजार नंबरचा, पंधरा सिनेमांचा, मोठ्या पुस्तकासारखा?"

"आहे. काचेत ठेवलाय."

"आठवी डिस्क कधी काढलीस?"

बंड्या गप्प.

"त्यात दुसऱ्या डिस्कवर अमेरिकन आवृत्ती आहे, हक्कांचा गुंता युनिव्हर्सलकडे असल्यामुळे. जपानी पूर्ण आवृत्ती शेवटच्या डिस्कवर, पुरवण्यांमध्ये. मूळ सिनेमा परिशिष्टात टाकलाय, पण टाकलाय. तू प्लास्टिक तरी फोडलंयस का?"

प्लास्टिक फोडलेलं नव्हतं. परवा गच्चीवर लागलेली डिस्क वेगळीच, सुटी, कुणाकडून तरी आणलेली. हे कबूल करून घ्यायला आणखी एक कटिंग लागलं. बंड्याचं म्हणणं, प्लास्टिक फोडलं की किंमत पडते. "मग तू सिनेमा घेतलेला नाहीस, मुदत ठेव घेतलीयस," नाना म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झालेत, त्यांना माहीत.

सम्याने कामाचं विचारलं, की एखादी फाइल किंवा डिस्क हातात आली तर ओळखायची कशी. वर्षाने बोटांवर सांगितलं. आधी लांबी बघ. ९१ म्हणजे अमेरिकन, ७४ म्हणजे जत्रेतला, ९७ म्हणजे पूर्ण. ९७ असूनही मधूनच गुलाबी होत असेल तर जुनी जोडाजोड. होत नसेल तर नंतरची, कारण हरवलेल्या भागांचं चांगलं साहित्य पुढे हाती लागलं आणि २०१६ मध्ये फोर-के मध्ये अख्खा सिनेमा पुन्हा उभा करून जपानी टीव्हीवर दाखवला. आणि काहीच कळलं नाही तर शेवटचं मिनिट लाव, डोळे मीट आणि डरकाळ्या मोज.

"एवढं असून होंडाला कुणी काही बोललं नाही?" सम्याने विचारलं.

"१९७० मध्ये कुणाला माहीत होतं की लोक हे घरी बसून पन्नास वर्षांनी फ्रेम-फ्रेम बघतील? त्याच्या लेखी तो सिनेमा चालून झाला होता. पहिल्याच फेरीत एक कोटी बारा लाख तिकिटं खपलेली. पोरं टाळ्या वाजवत होती."

तेवढ्यात चहावाल्याने आकडा सांगितला. अकरा कटिंग, दोन क्रीमरोल, त्यातले दोन्ही क्रीमरोल बंड्याचे. नानांनी खिसा चाचपला, सम्याने मोबाइल काढला, आणि वळून बघतो तर बंड्या स्कूटरवर. मान न वळवता, थेट घराच्या दिशेने. कोपऱ्यावरून त्याच्या फुटक्या सायलेन्सरचा आवाज आला तेवढाच.

"एकच डरकाळी," वर्षा पैसे काढत म्हणाली. "अमेरिकन आवृत्ती."