पाटीवरचा आकडा

आज सकाळी ग्रुपवर परत तेच फॉरवर्ड. ‘हिच्या गावात मतदारही हीच, महापौरही हीच!’ आणि खाली दात काढणाऱ्या इमोजींची रांग. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं मोनोवाय, एकाच बाईचं गाव.

अहो, मी गेलेय तिथे. 2019 मध्ये आम्ही ओमाहाला होतो. चारेक तास गाडी हाणत गेलो, शेवटी शेवटी नुसतं गवत आणि आभाळ. कशाला? तर पाटीशी फोटो काढायला, खोटं का बोलू! ‘मोनोवाय 1’, म्हणजे लोकसंख्या एक. खिदळत फोटो काढले आणि टॅव्हर्नमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या बारमध्ये शिरलो, तर बसायला जागा नाही. आसपासच्या रँचवरची माणसं, एका टेबलावर पत्त्यांचा डाव रंगलेला. गावात राहणाऱ्या त्या एकुलत्या एक, एल्सी आयलरबाई, स्वयंपाकापासून गल्ल्यापर्यंत सगळं बघत होत्या. तिथे विचित्र दिसत होतो ते आम्हीच.

1930 मध्ये इथे सव्वाशेच्या आसपास माणसं होती. शेती यंत्रांवर गेली, शेतं मोठी झाली, घरं कमी झाली. पुढे रेल्वेही गेली. 2004 मध्ये नवरा, रूडी, वारला आणि बाई एकट्या उरल्या. तर त्यांनी काय केलं? नवऱ्याच्या पाचेक हजार पुस्तकांचं वाचनालय चालवलं. दारूचा परवाना स्वतःच स्वतःला द्यायचा, कर स्वतःकडेच भरायचा, दिव्यांसाठी राज्याकडून पैसे मिळावेत म्हणून दरवर्षी रस्त्यांचा आराखडा पाठवायचा. याला हसताय? आपल्या सोसायटीत वार्षिक सभेला कोरम भरत नाही!

बरं, तरुण पोरांनी तिथे पोट कशावर भरायचं, हेही खरंच. मीसुद्धा राहिले नसते.

आणि 2020 च्या जनगणनेत मोनोवायची लोकसंख्या निघाली 2! हा दुसरा कोण? कुणीच नाही. लोकांची खासगी माहिती उघडी पडू नये म्हणून जनगणनावाले लहान गावांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी फिरवाफिरव करतात, त्यातून उगवलेला माणूस. मला हसू आलं, मग कसंतरीच वाटलं. आकड्यात एक माणूस वाढला, पण त्या टॅव्हर्नमधली पत्ते खेळणारी मंडळी कुठल्याच आकड्यात नाहीत. ती मैलोन् मैल गाडी चालवत यायची, रात्री आपापल्या घरी जायची.

निघताना त्या टेबलावरच्या एका आजोबांनी मानेनेच खुणावलं, बसता का? आम्हाला तो डाव येत नव्हता. उगाच हसलो आणि निघालो.

पाटीजवळचा फोटो अजून आहे फोनमध्ये. ग्रुपवर मागू नका.