गोडचं बटण

परवाच्या कार्यक्रमात निवेदकाने सगळ्यांचे आभार मानले. मांडववाल्यांचे, पार्किंग सांभाळणाऱ्या पोरांचे, आणि "ज्यांच्या मोलाच्या सूचनांमुळे आजचा साउंड इतका सुरेख झाला" अशा एका गृहस्थांचे. मिक्सरवर मी होतो. आभार ज्या माईकवरून चालले होते त्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, माझ्या बोटाखाली होता आणि तो मी खाली ओढला नाही, याची कुणीतरी नोंद घ्यावी.

गृहस्थ साउंडचेकपासून माझ्या खांद्याशी उभे. घरी होम थिएटर आहे, ही पात्रता त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकली.

"एवढी बटणं लागतात?"

"एकच रांग बत्तीसदा आहे. एक कळली की सगळ्या कळल्या."

"मग एकच ठेवायची ना. गाणं जरा गोड करा."

"गोडचं बटण नसतं हो."

"आमच्या रिमोटवर आहे."

हॉल रिकामा आहे म्हणून घुमतोय, माणसं बसली की आवाज शोषतील, असं मी समजावलं. ते म्हणाले, "मग आधी माणसं बसवून घ्यायची!"

मग त्यांना माझ्या कानातले प्लग दिसले.

"कानात बोळे? साउंडवाल्याच्या?"

कामाच्या जागी 85 डेसिबलला दिवसाचे जास्तीत जास्त 8 तास, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, अशी अमेरिकेतल्या निऑश संस्थेची शिफारस आहे. म्हणजे 100 डेसिबलला 15 मिनिटं. शेजारी ड्रमवाला जीव खाऊन वाजवत होता आणि मला हेच कान पुढची वीस वर्षं वापरायचेत. हे सांगेपर्यंत गृहस्थ पहिल्या रांगेत पोचले होते. "तरीच!" एवढंच मला ऐकू आलं. प्लग असूनसुद्धा.

खरं तर मी बास गिटारवाला. पण नुसत्या वाजवण्यावर घर चालत नाही, म्हणून मिक्सर, रेकॉर्डिंग, शिकवण्या, जे येईल ते. वादक मला साउंडवाला समजून केबली गुंडाळायला लावतात. साउंडवाली पोरं स्पीकर उचलताना म्हणतात, "राहू द्या सर, बोटं सांभाळा." आणि हे गृहस्थ रात्रभर "बास वाढवा, बास वाढवा" करत होते. मी वाजवत असताना हे वाक्य आजवर एकाही माणसाच्या तोंडून आलेलं नाही.

भाषणाला प्रमुख पाहुण्यांनी माईकची जाळीच मुठीत आवळली. असं केलं की समोरचंच ऐकणारा माईक चहूकडचं ऐकायला लागतो, स्पीकरमधला आवाज पुन्हा आत ओढतो आणि शिट्टी मारतो. मारली. अख्खा हॉल वळला. पाहुण्यांकडे नाही, माझ्याकडे! ती फ्रिक्वेन्सी शोधून मी कापली तेव्हा मात्र कुणी वळलं नाही.

निघताना आयोजक म्हणाले, "तुम्ही वाजवतासुद्धा? मग पुढच्या वेळी दोन्ही करा, एकाच मानधनात बसवू."

"मी वाजवताना मिक्सरवर कोण?"

"हे आहेत की," म्हणत त्यांनी गृहस्थांच्या पाठीवर थाप मारली.

मानधन अजून आलेलं नाही. फोन केला की आयोजक म्हणतात, आवाज तुटतोय.