२५२० चं खरं नवल मेसेजमध्ये नाहीच

२२ डिसेंबरचा गणित दिन जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांच्या ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो, मराठीत आणि कन्नडातही. मजकूर असा: २५२० ला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो, अशी संख्या जगात एकच, आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० आणि वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकार २५२०, हे तिचं गूढ, ते रामानुजन यांनी उलगडलं. यातले भाग जाण्याचा मुद्दा आणि गुणाकार तेवढे खरे. मुलं हे पाठ करून भाषणात म्हणतात, म्हणून लिहायलाच हवं.

‘एकच’ कशी? ५०४०, ७५६०, १००८०, सगळ्यांना १ ते १० ने भाग जातो, आणि ही रांग संपत नाही. २५२० त्यांतली सर्वांत लहान. शाळेतला लसावि तो हाच. ८ साठी तीन वेळा २, ९ साठी दोन वेळा ३, शिवाय ५ आणि ७: ८×९×५×७. बाकीचे आपोआप आत येतात.

गुणाकार जुळतो, कारण ३० आणि १२ मिळून नेमके तेच २, ३ आणि ५ पुरवतात. पण दिवसांना दिवसांनी आणि महिन्यांनी गुणून कशाचंच माप मिळत नाही. आपल्या पंचांगात अधिक मास आला की १३ महिने होतात. मग उत्तर २७३०, आणि त्याला ४ नेही भाग जात नाही. गूढ एवढ्यावर कोसळतं.

रामानुजन यांचं नाव इथे चिकटवणं मला सर्वांत जास्त खटकतं. लसावि काढायची रीत इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडच्या ग्रंथात आहे. रामानुजन यांनी १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात जे मांडलं, ते फार पुढचं. आपल्याहून लहान अशा प्रत्येक संख्येपेक्षा ज्यांना जास्त विभाजक आहेत, अशा संख्यांचा तो अभ्यास. २५२० त्यांत आहे, तिचे विभाजक ४८. आणि नवल हे, की अशा संख्यांमध्ये २५२० च्या पुढे जी जी येते, तिला २५२० ने भाग जातोच. हा गुण १, २, ६, १२, ६० आणि २५२० या सहाच संख्यांत आहे. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही!

रामानुजन यांनी केलेल्या अशा संख्यांच्या यादीतली शेवटची संख्या ६७,४६,३२,८३,८८,८००. विभाजक १००८०. तिला १ ते १० च काय, १ ते २८ पर्यंत सगळ्यांनी भाग जातो, २९ ने नाही. एवढी मोठी यादी हाताने करताना एक संख्या मात्र त्यांच्याकडून निसटली. या शेवटच्या संख्येला २३ ने भागा, तीच मिळेल: २,९३,३१,८६,२५,६००. भाषणाला उभ्या राहणाऱ्या मुलांना हा भागाकार फळ्यावर करायला द्या.