काल काय खाल्लंत, असं कुणी विचारलं तर

समजा उद्या तुमच्या दारात एखाद्या संशोधन संस्थेची मुलगी टॅब आणि मापाच्या वाट्या-चमच्यांचा सेट घेऊन आली आणि म्हणाली, काका, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं ते सांगता का, तर अजिबात गडबडू नका. याला चोवीस तासांचा रिकॉल म्हणतात, आणि जगात कोण काय खातं हे विज्ञानाला बरंचसं असंच कळतं, म्हणजे तुम्ही सांगता म्हणून. एवढा विश्वास तुमच्यावर घरातसुद्धा कुणी टाकत नाही, तेव्हा त्याचा मान राखा.

पोळ्या दोन. कितीही खाल्ल्या असल्या तरी दोनच, कारण तीन म्हटलं की खादाड वाटतं आणि एक म्हटलं तर तिला पटणार नाही. वरण एक वाटी, भात "अगदी घासभर". वाटी कुठली असं विचारून ती सेट पुढे करेल, तेव्हा मधली दाखवायची. तेलाचं विचारलं की "आमच्याकडे तेल कमीच असतं हो" म्हणायचं आणि बायकोला हाक मारायची, ती महिन्याला किती पिशव्या लागतात ते सांगेल, मग त्याला घरातल्या माणसांनी भागलं की तुम्ही हाणलेल्या भज्यांचं थोडं तेल दीड वर्षाच्या नातीच्या नावावर पण जातं.

उभ्याने खाल्लेलं धरायचं नसतं हे तर तुम्हाला माहीतच आहे. जाता-येता डब्यातून उचललेली शेव, पोरांच्या ताटात उरलेला शिरा (टाकवत नाही ना), ऑफिसात कुणाच्या तरी बर्थडेचा केक, यातलं काहीच जेवण नव्हे. फक्त एक सावधगिरी, अमेरिकेच्या सरकारी सर्व्हेत हा रिकॉल पाच फेऱ्यांमध्ये घेतात आणि त्यातली दुसरी फेरी खास विसरलेल्या पदार्थांची असते, चहा-कॉफी घेतली का, गोड काही, मधेच चटरमटर काही, असं एकेक नाव घेऊन विचारतात. त्यावेळी जरा वर बघायचं, आठवतोय असा चेहरा करायचा आणि चार चहांपैकी दोन कबूल करायचे.

वहिनी, तुमच्यासाठी सल्ला उलटा आहे. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर पातेल्यात भाजी राहिली नव्हती आणि तुम्ही ठेचा-भाकरीवर भागवलं हे खरं असलं तरी सासूबाई शेजारी बसल्यात, तेव्हा "सगळ्यांनी खाल्लं तेच मी पण" असं सांगून मोकळ्या व्हा. खूप खाणारे कमी करून सांगतात, कमी खाणारे थोडं वाढवून सांगतात, त्यामुळे कागदावर सगळा देश कसा मापात जेवताना दिसतो.

वहीत आठवडाभर लिहून ठेवायला सांगितलं तर त्या आठवड्यात मिसळ टाळा. तर्री किती, फरसाण किती, कांदा वेगळा, पाव किती, कोण लिहीत बसणार! केळं खा. "केळं 1" लिहिलं की झालं, आणि तेवढ्या आठवड्यात तुमचा आहार खरोखरच सुधारतो हा बोनस.

खरी मजा वर्षभराच्या फॉर्मात आहे. शंभरेक पदार्थांची यादी आणि पुढे चौकोन, महिन्यातून एकदापेक्षा कमी इथपासून ते दिवसातून सहा किंवा जास्त वेळा इथपर्यंत. पेरू किती वेळा खाता? थंडीत रोज, मग आठ महिने तोंड बघत नाही, तर आता वर्षाची सरासरी काढा बघू मनातल्या मनात. 1999-2000 मध्ये अमेरिकेत मेरीलँडला 484 जणांवर या फॉर्माची परीक्षा घेतली, तर पुरुषांनी आपल्या कॅलरी 31 ते 36 टक्के कमी सांगितल्या होत्या आणि बायकांनी 34 ते 38 टक्के. नुसतं कालचं विचारलं तेव्हा चूक बरीच कमी होती, पण होतीच.

बरं, सगळ्यांनी सारखंच कमी सांगितलं असतं तरी भागलं असतं, सरसकट गुणाकार करून टाकला असता. पण तसं करून संशोधकांचं काम सोपं करू नका. वजन जसं जास्त तसं सांगणं कमी, हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे, आणि कमी करताना पण सगळ्याला सारखी कात्री लागत नाही, वरण तसंच राहतं, लाडू गायब होतो. म्हणजे गोड खाण्याचा आणि वजनाचा संबंध शोधायला बसलेल्या माणसाच्या आकड्यांत लाडू निर्दोष सुटतो, आणि माणसं हजारांऐवजी लाखभर घेतली तरी सुटतोच, उलट जास्त खात्रीने सुटतो.

तुम्हाला धोका फक्त एका गोष्टीचा. त्यांनी प्यायला पाणी दिलं तर उपास आहे म्हणा. त्या पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही जरा जड प्रकारचे असतात, हायड्रोजन शरीरातून पाण्यावाटेच जातो पण ऑक्सिजन श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधून पण जातो, मग एक-दोन आठवडे तुमची लघवी तपासून दोघांतला फरक काढला की तुम्ही किती कॅलरी जाळल्या ते कळतं, आणि वजन जागच्या जागी असेल तर तेवढ्या खाल्ल्याही असणार. 1992 साली न्यूयॉर्कमधून आलेल्या एका अभ्यासात "आम्ही 1200 कॅलरीसुद्धा खात नाही तरी वजन उतरत नाही" म्हणणाऱ्या 10 जणांना या पाण्याने पकडलं. शरीर ठणठणीत कॅलरी जाळत होतं, खाणं 47 टक्के कमी सांगितलं होतं आणि व्यायाम 51 टक्के जास्त! पण हा जड ऑक्सिजन भयंकर महाग असतो, लाखभर लोकांना कुणी पाजत बसत नाही, त्यामुळे मोठ्या अभ्यासात असाल तर निवांत राहा.

जाता जाता ती एक प्रश्न हमखास विचारेल, की कालचं खाणं नेहमीसारखंच होतं का, कमी होतं की जास्त. दोन पोळ्या, एक वाटी वरण, घासभर भात आणि दोन चहा एवढं लिहून झालेलं असेल. न अडखळता सांगा, काल जरा जास्तच झालं.