आठ दिवसांत पक्के दात? फिरत्या मेसेजबाबत खुलासा

रत्नागिरी-चिपळूणकडे एक मेसेज फिरतोय: ‘दुबई-कुवेतवाल्यांनो, तिकडे खर्च कशाला? सुट्टीत घरी या, आठ दिवसांत इम्प्लांटचे पक्के दात घेऊन जा.’ इकडे स्वस्त पडतं, हे खरं. आठ दिवसांचं मात्र सरसकट खरं नाही. इम्प्लांट म्हणजे दाताचं कृत्रिम मूळ; ते जबड्याच्या हाडात रुजायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. पक्की कॅप, म्हणजे वरचा दिसणारा दात, बहुधा त्यानंतरच. काहींना लगेच दात बसवतात, पण तो सहसा तात्पुरता, त्यावर तांदळाच्या पिठाची कडक बोरं फोडायला जाऊ नका. म्हणजे दोन फेऱ्या आल्या; मे महिन्यातलं विमानभाडं धरूनच हिशेब करा. आणि इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, माप लिहिलेलं कार्ड मागून घ्याच. कॅपचा स्क्रू तिकडे ढिला झाला, तर कार्डाशिवाय तिथला डॉक्टर जुळणारा स्क्रू-ड्रायव्हर शोधत बसेल. फिलिंग, साफसफाई मात्र सुट्टीत खुशाल उरका.